फेरबानबाबाची मिरवणूक

"हा पादरी आहे का राक्षस, बे?" मनोहरराव ठेल्यावरच्या पुतळ्याकडं बोट दाखवत शाळेच्या मैदानातच ओरडले. "डोळे पाह्य त्याचे! आमचा संस्थापक साधुपुरुष होता, अन् तू त्याले कोंबड्या चोरणारा करून ठेवला!"

"डोळे लहान केले तर दुसऱ्या माळ्यावरून दिसन काय, काका?" अंकुशनंही आवाज चढवला. "मिरवणूक आहे, पासपोटचा फोटो नाही."

"अन् ह्या मिशा?"

"मिशा होत्याच. हॉलमधल्या फोटोत पाहा. पण आधी धूळ पुसा."

मागं उभे असलेले पोट्टे फिसकन हसले अन् मनोहररावाचे कान लाल झाले. माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष माणूस, कोशाचा रेशमी फेटा बांधून सकाळी सकाळी सगळ्याईच्या आधी हजर झालेला. अन् त्याले नववीतून पळालेलं पोट्टं धूळ दाखवून राह्यलं!

"शोभाताई!" त्यानं हाक मारली. "हे ध्यान मिरवणुकीत जाणार नाही. जीपवर फ्लेक्स लावा, विषय संपला."

अंकुशनं चेहऱ्यावर काही दिसू देल्लं नाही. तो खाली वाकला अन् ठेल्याच्या चाकाले उगाचच लाथ मारली.

शाळेचं खरं नाव फेअरबर्न मिशन हायस्कूल. पण एवढं लंबं नाव घ्यायले नागपुरात कोणाले टाइम आहे? गांधीबागेतल्या कोणत्याही ऑटोवाल्याले 'फेरबान शाळा' म्हणा, तो बरोबर फाटकात नेऊन सोडन. थॉमस फेअरबर्न नावाच्या पादऱ्यानं सव्वाशे वर्षांमागं ती काढली. आधी तो तिकडं जमैका बेटावर चर्चच्या शाळेत मास्तर होता, मंग बोटीत बसला अन् इकडं आला. जमैकाची ती शाळा अजून चालू आहे. तिथल्या पोट्ट्याईनं आठ दिवसांमागं व्हिडिओ पाठवला. सगळे टाय लावून उभे, गाणं म्हणता म्हणता मधातच नाचाले लागले. आपल्या पोट्ट्याईनंही उलट व्हिडिओ पाठवला. त्यात प्रार्थना एकदम झकास झाली, फक्त मागच्या रांगेत एक जण तर्री-पोहे खाऊन राह्यला होता, ते पाठवल्यावर दिसलं.

तर सव्वाशे वर्षं म्हणून यंदा मिरवणूक मोठी होती. शाळेतून निघायचं, गांधीबागेले वेढा मारून चर्चच्या फाटकावर संपवायचं. पद्धत जुनीच. ज्या साली दहावी पास झाले त्या सालाची पाटी धरायची अन् आपापल्या पाटीमागं चालायचं. सत्तरी ओलांडलेले म्हातारेही त्या दिवशी पाटीसाठी भांडतात, "तू सोड, मागच्या वर्षी तूच धरली होती," म्हणून.

अंकुशले पाटी नव्हती. नववीत होता तव्हा त्याले बाकावर बसवतच नव्हतं. पाय हलायचे, डोळे खिडकीबाहेर, अन् कोणी काही बोललं की हात आधी उठायचा. एक दिवस मास्तरनं वर्गाबाहेर काढलं, तर हा फाटकाबाहेरच निघून गेला. परत आला नाही. त्याच्या बाकावरचा धम्मानंद, पुढच्या बाकावरची मोनाली, सगळे दहावी पास झाले अन् आज नवी कोरी पाटी घेऊन उभे होते. अंकुश त्या पाटीकडं पाहतच नव्हता. म्हणजे कोणी पाहत असलं तव्हा पाहत नव्हता.

म्हणूनच जव्हा शोभाताई, शाळेच्या हेडमास्तरीण बाई, अंकुश काम शिकत होता त्या इतवारीतल्या देवाजीकाकाच्या कारखान्यावर आल्या अन् म्हणे, "आमचे फेअरबर्न साहेब करून देता का, मिरवणुकीच्या पुढं चालवायले?" तव्हा काकानं तोंड उघडायच्या आधी अंकुशच बोलला, "मी करतो. पण ठेला मीच ओढीन." संस्थापक सगळ्या पाट्याईच्या पुढं. अन् संस्थापकाच्या पुढं दोर धरून अंकुश. हिशेब सरळ होता.

आता देवाजीकाकाचा कारखाना म्हणजे काय, तर बडग्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू, तट्टे अन् कागदाचे मोठाले पुतळे. बाई असली तर मारबत, माणूस असला तर बडग्या. गळ्यात पाटी लावायची, पाटीवर रोगराई, महागाई, जे नको ते लिहायचं, अन् गल्लीगल्लीतून वाजतगाजत ओढत न्यायचं. लोक जीव खाऊन ओरडतात, "घेऊन जाऽऽ गे मारबत!" गावाबाहेर नेऊन जाळलं की गावाची पीडा गेली. अंकुश वर्षभर हेच शिकला होता. त्याले दुसरं काही करता येत नव्हतं, पण हे मात्र असं यायचं की काकाही कधीकधी बोट तोंडात घालायचे.

फेरबानबाबाही त्यानं तसाच केला. बांबूचा सांगाडा, काळा झगा, पांढरी कॉलर, हातात पुठ्ठ्याचं पुस्तक, शाळेच्या फाटकाएवढी उंची. मान हलायची सोय केली होती, मागून दोरी ओढली की बाबा डुलायचा.

शोभाताई आल्या. पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी. त्यांनी बाबाकडं खालून वरपर्यंत पाह्यलं अन् हसल्या. "मनोहरराव, मिशा बरोबर आहेत हो. अन् डोळ्याचं म्हणाल तर, ह्या माणसानं डोळे वटारले नसते तर त्या काळात कोणी जागा देल्ली असती काय शाळेले? जाऊ द्या त्याले पुढं."

"तुम्ही म्हणता म्हणून," मनोहरराव कुरकुरले. "पण लोकाईले कळलं तर पायजे कोण आहे तो. गळ्यात पाटी अडकवा त्याच्या. मी आणली आहे पेंट करून."

अंकुशनं मान वर केली. "काका, गळ्यात नोका लावू. गळ्यात पाटी लावली का मंग—"

"का मंग काय? आता पाटीही तूच ठरवशील? नसन लावायची तर राहू दे, जीप तयार आहे."

एरवी अंकुशनं पाटीच फेकून देल्ली असती. पण जीप खरंच तयार होती, इंजिन चालू होतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा राग गिळला, ठेल्यावर चढला अन् स्वतःच्या हातानं पाटी बाबाच्या गळ्यात बांधली. अक्षर मात्र मनोहररावाचं सुंदर होतं. निळ्यावर पांढरं, "पादरी थॉमस फेअरबर्न". दहा पावलांवरून वाचता येत नव्हतं, एवढंच.

मिरवणूक निघाली. पुढं बाबा, त्याच्या पुढं दोर धरून अंकुश, बाजूले देवाजीकाका विजेच्या तारा वर उचलायले लंबा बांबू घेऊन. मागं शाळेचा बँड, मंग पाट्या. सगळ्यात जुन्या पाटीमागं तीन म्हातारे अन् एक व्हीलचेअर. मंग हॉकीवाले, जुने ब्लेझर घालून आलेले, बटणं लागत नव्हती तरी लावलेली. धंतोलीच्या दवाखान्यातल्या नर्सा एका पाटीमागं सहा-सात जणी, सगळ्या ह्याच शाळेच्या, ड्यूटी बदलून आलेल्या. कामठीहून ऑटो करून आलेले लूमवाले. शेवटी आत्ताचे पोट्टे-पोट्टी, फुगे घेऊन.

गांधीबागेच्या तोंडावर येईपर्यंत सगळं झकास होतं. कापड बाजार भरलेला, हमालांच्या पाठीवर गठ्ठे, दुकानदार गादीवर. अन् ठेला वळला तसा एका हमालानं गठ्ठा खाली टाकला अन् दोन्ही हात वर केले.

"अरे, बडग्या निघाला! यंदा लवकरच निघाला!"

बस. पोळा तोंडावर, ठेल्यावर डुलणारा पुतळा, वटारलेले डोळे, गळ्यात पाटी. नागपूरच्या माणसाले अजून काय सांगा लागते? वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. दुकानाच्या पायऱ्याईवरून, वरच्या माळ्याच्या खिडक्याईतून, पानठेल्यावरून एकच आवाज उठला.

"रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत!"

"महागाई घेऊन जाऽऽ गे मारबत!"

बँडवाले गडबडले. ट्रम्पेटवाल्या पोट्ट्यानं सूर सोडून देल्ला अन् ढोलवाला लोकाईच्याच ठेक्यावर वाजवाले लागला. बाजूच्या गल्लीत एक धुमाल पार्टी मारबतीची प्रॅक्टिस करून राह्यली होती. ते ढोल-ताशे घेऊन धावतच आले, न विचारता पुढं घुसले, अन् असं काही वाजवलं की दुकानाईच्या काचा हलाले लागल्या.

मनोहरराव गर्दी चिरत पुढं आले. फेटा तिरपा, घाम डोळ्यात. "थांबवा! थांबवा म्हणतो ना!" त्यानं अंकुशच्या हातातला दोर धरला. "सव्वाशे वर्षांची शाळा अन् तिच्या संस्थापकाले मारबत म्हणून राह्यले! बाई केली त्याची! तू मुद्दाम केलं बे. शाळेनं काढलं म्हणून बदला घेतला!"

"मले शाळेनं काढलं नाही! मीच गेलो होतो!"

"मंग आताही जा! ताडपत्री टाका रे ह्याच्यावर अन् न्या मागं."

अंकुशच्या डोक्यात सणक गेली. पाटी गळ्यात नोका लावू म्हटलं होतं, ते ह्याले आठवत नाही, अन् बदला म्हणते! त्यानं दोर असा आपटला की धूळ उडाली. "घ्या तुमचा बाबा! ओढा तुम्हीच!" अन् तो वळला. गर्दीतून वाट काढायले खांदा पुढं केला. नववीत फाटकाबाहेर निघाला होता तसाच.

दोन पावलं गेला असन. पण त्याचे डोळे त्याच्या रागाचं ऐकत नव्हते. डोळे आपलं पाहत होते.

त्याले दिसलं की ओरडणारे चिडवून नाही राह्यले. फुटपाथवर भाजी विकणारी बायजाबाई, जिले अख्खा बाजार ओळखते, नातीले कडेवर घेऊन ठेल्यापाशी आली होती. पोरगी एवढीशी, खोकून खोकून डोळे पाणावलेले. बायजाबाईनं पोरीचा हात धरून बाबाच्या कागदी बुटाले लावला अन् हळूच म्हणे, "हिचा खोकला ने रे बावा. लय दिवस झाले."

मागं शोभाताईही उभ्या होत्या. त्यांनीही ते पाह्यलं. मनोहररावाच्या हातातली ताडपत्री त्यांनी शांतपणे काढून घेतली.

"मनोहरराव, शाळा सुरू कशी झाली, सांगा बरं."

"आता हे काय, ताई! गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात झाली. सगळ्याईले माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

मनोहरराव चिडूनच बोलले, पण बोलता बोलता त्याचा आवाज उतरत गेला. "लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्याईत राहायले गेले होते. फेअरबर्न साहेब तिथं सकाळी दवा वाटे. दुपारी पोट्टे रिकामे फिरत, म्हणून त्याईले झाडाखाली बसवून पाढे शिकवे. ताप गेला, पण पोट्टे उठायले तयार नाही. मंग... मंग तीच शाळा झाली."

"म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणून लोक त्याच्याकडं पहिल्यांदाच नाही येऊन राह्यले," शोभाताई म्हणे.

मनोहररावानं बाबाकडं पाह्यलं. बाबा डुलत होता, कारण धम्मानंदनं, ह्या गडबडीत आपली पाटी मोनालीकडं देऊन, मागची दोरी धरली होती अन् ती ओढायची मजा त्याले सोडवत नव्हती.

अंकुशनंही सगळं ऐकलं. शाळेत असताना हे त्यानं ऐकलं नव्हतं असं नाही, पण तव्हा तो खिडकीबाहेर पाहत होता. तो परत फिरला. दोर उचलला नाही. सरळ ठेल्यावर चढला, बाबाच्या झग्याले धरून उभा राह्यला अन् धुमालवाल्याले हात दाखवला. वाजणं थांबलं.

"ओ गांधीबागवाले!" त्याचा आवाज देवाजीकाकाच्या कारखान्यात तयार झालेला, त्याले माईक लागत नव्हता. "हा मारबत नाही! हा आमचा फेरबानबाबा आहे! ह्याले जाळायचं नाही! पण काही न्यायचं असन तर सांगा, हा नेते! त्याची जुनीच ड्यूटी आहे! बोला, ताप-खोकला?"

बायजाबाईच पहिली ओरडली, "घेऊन जाऽऽ रे बाबा!"

"डेंगूचे मच्छर?"

"घेऊन जाऽऽ रे बाबा!" आता अर्धा बाजार.

"गणिताचा पेपर?"

शाळेचे पोट्टे असे किंचाळले की दुकानाच्या छतावरचे सगळे कबुतर एकदम उडाले. "घेऊन जाऽऽ रे बाबा!"

"सोमवारचा पहिला पिरियड?"

"घेऊन जाऽऽ!"

अंकुशले आता चढली होती. त्याच्या डोळ्याले खालचा तिरपा फेटा दिसला अन् जीभ आवरली नाही. "मनोहररावाचा राग?"

शोभाताईनं ओठ दाबले. अन् मागून, मनोहररावाच्याच सालाच्या पाटीमागून, टक्कल पडलेल्या, ढेऱ्या सुटलेल्या त्याच्या वर्गमित्राईनं एका सुरात आरोळी ठोकली, "घेऊन जाऽऽ रे बाबा! चाळीस वर्षं झाली, घेऊन जा!"

मनोहररावानं आधी मागं पाह्यलं, मंग वर पाह्यलं. मिशी थरथरली. अंकुशले वाटलं आता हा चढून येऊन कानाखाली वाजवते. पण त्याची मिशी थरथरली ती हसू दाबताना, अन् ते काही दबलं नाही. तो माणूस फेटा हातात घेऊन पोट धरून हसाले लागला.

"अबे," हसू थांबल्यावर तो ओरडला, "नुसतं घेऊन जा, घेऊन जा काय लावलं? देऊन काय गेला तेही विचार ना!"

"तुम्हीच विचारा! या वर!"

अन् खरंच, धम्मानंदनं खालून ढकललं, अंकुशनं वरून ओढलं, अन् मनोहरराव ठेल्यावर आले. ठेला करकरला. त्यानं घसा साफ केला, जसा हॉलमध्ये भाषणाआधी करते, पण भाषण केलं नाही.

"जिल्ह्याचा हॉकीचा कप कोणाच्या घरी असते?"

"फेरबानच्याऽऽ!" ब्लेझरवाल्याईचं एक बटण तुटून उडालं.

"पोरींनी शिकून काय करायचं म्हणत होते, तव्हा पोरींचा वर्ग कोणं काढला?"

"फेरबानबाबानं!" नर्सांनी हात वर केले.

"अन् सगळ्याईले एका माठाचं पाणी कोणं पाजलं?"

ह्या वेळी ओरडा लगेच नाही आला. जुन्या पाटीमागचा व्हीलचेअरवरचा म्हातारा, गळ्यात निळा दुपट्टा, त्यानं काठी जमिनीवर टेकवली अन् एकटाच बोलला, "फेरबानबाबानं." आवाज बारीक होता, पण सगळ्याईले ऐकू गेला. अंकुशच्या घरी हे नेहमी सांगत. पणजोबा त्याच माठाचं पाणी पिले म्हणत. अंकुश म्हणे, माठाचं काय एवढं. आज त्यानं उगाच बाबाची कॉलर नीट केली. मंग सगळा रस्ता एकदम गरजला अन् धुमाल पुन्हा सुरू झाला.

तिथून चर्च जवळच, पण पोचायले बम टाइम लागला. प्रत्येक दुकानदाराले काही ना काही पाठवायचं होतं. कोणी पाठदुखी देल्ली, कोणी रस्त्यावरचे खड्डे, एका साडीवाल्यानं सरळ आपला मेव्हणा पाठवला. नर्सा धुमालवर नाचल्या, म्हाताऱ्याच्या व्हीलचेअरले दोन पोट्ट्याईनं गोल फिरवलं, अन् बँडच्या ट्रम्पेटवाल्यानं शेवटी शाळेचं गाणं त्याच ठेक्यावर बसवलं. शोभाताई कपाळाले हात लावून म्हणे, "आता दरवर्षी असंच मागतील हे."

चर्चच्या फाटकावर फोटोसाठी सगळे थांबले. पाट्या रांगेनं लागल्या. मनोहररावानं फेटा नीट बांधला, अंकुशपाशी आले अन् बाबाच्या गळ्यातली पाटी बोटानं सरळ करत म्हणे, "पुढच्या वर्षी हातात देऊ पाटी. गळ्यात नाही. तू सांगत होता ते."

"हो, सांगत होतो," अंकुश म्हणे. "ऐकलं कोणं?"

"ऐकवत जा ना बे! बाकी टाइमाले तर बम ओरडते!"

तेवढ्यात नव्या कोऱ्या पाटीमागून मोनालीनं हाक मारली. "ए अंकुश! ये ना इकडं! आमच्या फोटोत ये!"

"त्याची कुठं दहावी झाली?" मागून कोणीतरी बोललं.

"तू चूप बैस वं दीप्ती," मोनाली म्हणे. "आपल्या बाकावर बसला होता का नाही? ये रे!" धम्मानंदनं तर पाटीचं एक टोक सोडून जागाच केली. शोभाताईनंही पाह्यलं, अन् मानेनं 'जा' म्हणून खूण केली.

अंकुश पाटीकडं पाहत राह्यला. आता सगळे पाहत होते तरी पाहत राह्यला. एक पाऊल टाकलंही.

अन् पाठीमागून चाकं करकरली. त्यानं वळून पाह्यलं, तर ठेला जागेवर नव्हता. बाजूच्या गल्लीतल्या बाया, पोट्टे, दोन हमाल, सगळ्याईनं मिळून दोर धरला होता अन् बाबाले आपल्या गल्लीकडं वळवून घेतलं होतं. पुढं बायजाबाई, कडेवर नात. "आमच्याही गल्लीतून फिरू द्या बाबाले! इकडं सगळ्याईच्या घरी ताप आहे!" धुमालवाले तर वळून आत शिरलेही. देवाजीकाका तारा उचलायचा बांबू घेऊन मागं धावून राह्यले होते, अन् बाबाचं डोकं वरच्या तारेकडं चाललं होतं, डुलत, मोठाले डोळे वटारून, एकदम खुशीत.

"अंक्या, फोटो तर काढून जा ना बे!" धम्मानंद ओरडला. "एका मिनिटाचं काम आहे!"

"तुम्ही काढा," अंकुश धावता धावता म्हणे. "मले आता जा लागते!"